‘युरोपा बार्बारोरम’चे यंत्रांतर

एखाद्या इतिहासग्रंथाचे पुनर्मुद्रण होते तेव्हा मजकूर कायम राहतो, केवळ छपाई बदलते. संगणकावरील ऐतिहासिक खेळास हा न्याय लागू पडत नाही. असा खेळ ज्या मूलभूत आज्ञावलीवर चालतो तिला ‘इंजिन’ ही संज्ञा रूढ आहे. काळ, प्रदेश, सत्ता आणि युद्ध ह्यांविषयीच्या कित्येक कल्पना त्या इंजिनातच पूर्वनिश्चित असतात. साहजिकच इंजिन बदलले की इतिहासाची मांडणीही नव्याने करावी लागते. हौशी अभ्यासकांनी रचलेल्या ‘युरोपा बार्बारोरम’ ह्या खेळाचा वृत्तान्त ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘रोम : टोटल वॉर’ हा क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या ब्रिटिश संस्थेचा खेळ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा काळ इ. स. पू. तिसऱ्या शतकापासूनचा. त्या वेळी इजिप्तवर टॉलेमी ह्या ग्रीक वंशाचे राज्य होते. खेळात मात्र कित्येक शतके आधीच्या फेअरोंच्या थाटाचे सैन्य दाखविले होते. रोमचे प्रजासत्ताक तीन घराण्यांत विभागले होते, तर गॉल, जर्मन आदी लोकांस ‘रानटी’ ह्या एकाच साच्यात बसविले होते. ह्या चित्रणाविषयीच्या असमाधानातून, मूळ खेळाच्या धारिका बदलून, नवी रचना उभी राहिली. अशा रचनेस ‘मॉड’ म्हणतात. ‘रानटींचा युरोप’ ह्या अर्थाचे तिचे लॅटिन नावच तिचा हेतू सांगते. आरंभवर्ष म्हणून इ. स. पू. २७२ निवडण्यात आले. पिऱ्हसचा अर्गोस येथे मृत्यू झाला आणि टॅरेंटम रोमच्या हाती पडले ते हेच वर्ष होय. सैन्यप्रकारांस त्या त्या लोकांच्या भाषेतील नावे मिळाली. मूळ खेळात ज्यांना ‘बंडखोर’ म्हटले होते, त्यांना ‘स्वतंत्र लोक’ ह्या अर्थाचे ‘इलेउथेरोइ’ हे ग्रीक नाव देण्यात आले. एक शब्द बदलल्याने दृष्टिकोन किती बदलतो, ह्याचा हा चांगला दाखला आहे.

तथापि जुन्या इंजिनाच्या मर्यादा कडक होत्या. त्यात २१ पेक्षा अधिक सत्तांस जागा नव्हती. मूळ खेळात वर्षाचे दोनच डाव असत. ते चार करण्यासाठी वेगळी आज्ञालिपी लिहावी लागली, आणि जतन केलेला खेळ पुन्हा उघडला की खेळणाऱ्यास ती प्रत्येक वेळी स्वहस्ते चालू करावी लागे. २००६ मध्ये ‘मेडिईव्हल २ : टोटल वॉर’ आणि २००७ मध्ये त्याची ‘किंग्डम्स’ ही पुरवणी प्रसिद्ध झाली. तेथे सत्तांची मर्यादा ३१ होती आणि आज्ञालिपी आपोआप चालू राही. ह्याच पायावर दुसरी रचना उभारण्याचे ठरले.

जुन्या रचनेतील संशोधन, नावे आणि वर्णने ह्यांचा नव्या रचनेस उपयोग झाला. परंतु सैनिकांच्या आकृती नव्याने घडवाव्या लागल्या. जुन्या इंजिनात एकाच आकृतीची पुनरावृत्ती होऊन तुकडी बने. नव्यात मस्तक, ढाल, वस्त्रे ह्यांचे वेगवेगळे प्रकार जोडून एकाच तुकडीत विविधता आणता येई. त्यामुळे जेथे एका चित्राने भागत असे, तेथे अनेक तपशिलांस पुराव्याचा आधार शोधणे प्राप्त झाले. सुधारलेल्या साधनाने अभ्यासकाचे श्रम कमी न होता वाढले.

ह्याहून गंभीर अडचण निराळीच होती. नवे इंजिन मध्ययुगीन युरोपासाठी, म्हणजे पोप, धर्मयुद्धे आणि तोफा ह्यांच्या जगासाठी घडविलेले होते. प्राचीन काळास त्यातील पुष्कळ भाग निरुपयोगी, तर काही भाग अर्थ पालटून उपयोगी ठरला. धर्मप्रसाराची गणना करणारी यंत्रणा सांस्कृतिक प्रभावाच्या मोजमापासाठी वापरण्यात आली. मात्र त्यामुळे संस्कृती ही शेकडेवारीत मोजता येणारी व एकीच्या वाढीबरोबर दुसरी घटविणारी वस्तू आहे, अशी समजूत खेळात आपोआप शिरते. अभ्यासकास ती मान्य नसली तरी इंजिनाची रचना तिला टाळू देत नाही.

तक्षशिलेचे उदाहरणही असेच आहे. नव्या रचनेत तिला सत्तेचे स्थान मिळाले, ही गोष्ट भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल. परंतु इ. स. पू. २७२ मध्ये तक्षशिला मौर्यांच्या साम्राज्यात होती आणि त्या साम्राज्याचे केंद्र दूर मगधात होते. प्रांत आणि साम्राज्य ह्यांचे नाते दाखविण्यास अशा खेळात फारसा अवकाश नसतो. प्रत्येक सत्तेस स्वतंत्र कोष, सैन्य आणि धोरण द्यावे लागते.

दुसऱ्या रचनेची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये बाहेर पडली. तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, ‘रोम २’ हा त्याच मालिकेतील अधिक नवा खेळ विक्रीस आला होता. म्हणजे ‘नवे’ म्हणून स्वीकारलेले इंजिन काम हातावेगळे होईपर्यंत जुने झाले होते. तरीही निवड चुकली असे म्हणता येत नाही. २००९ च्या ‘एम्पायर’पासून ह्या मालिकेचे इंजिन बदलले आणि मोहिमेचा नकाशा मुळापासून बदलण्याची पूर्वीसारखी मोकळीक हौशी रचनाकारांस राहिली नाही. इतिहासाच्या फेरमांडणीस सर्वांत नवे साधन नव्हे, तर ज्याच्या अंतरंगात हात घालता येतो असे साधन आवश्यक असते. इंजिने आणखी बदलतील आणि विनावेतन केलेले हे काम कधी काळी चालविणेही दुर्घट होईल. तेव्हा टिकेल ते त्यामागील संशोधन. आणि तेही रचनाकारांनी आपल्या निर्णयांची कारणे लिहून ठेवली असतील तरच.