डिफरन्शियल तेल
मागील चाकांना गती देणाऱ्या मोटारगाडीत मागच्या आसाच्या मध्यावरील पेटीतील दंतचक्रांना लागणारे वंगण. या पेटीत दोन कार्ये होतात : एंजिनाकडून येणारी गती काटकोनात वळवून मंद केली जाते आणि वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा जलद फिरू दिले जाते. दुसऱ्या कार्याची यंत्रणा फ्रेंच यंत्रज्ञ ऑनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये बाष्पगाडीसाठी योजिली. तेलाचा इतिहास मात्र मुख्यतः पहिल्या कार्याशी निगडित आहे.

आरंभीच्या गाड्यांतील शंक्वाकार दंतचक्रांना जाडसर खनिज तेल किंवा ग्रीज पुरत असे. १९१३ मध्ये पॅकार्ड कंपनीने सर्पिल दाते स्वीकारल्यावर आवाज कमी झाला. वंगणाचा प्रश्न फारसा उद्‍भवला नाही. तो उद्‍भवला हायपॉइड दंतचक्रांमुळे. रॉचेस्टर (न्यूयॉर्क) येथील ग्लीसन कारखान्याने विकसित केलेली ही दंतचक्रे पॅकार्डने १९२६ च्या सुमारास वापरात आणली. यांत लहान दंतचक्राचा आस मोठ्याच्या मध्यरेषेच्या खाली असतो. त्यामुळे मागे जाणारा दंड व गाडीचा तळ खाली नेता येतो. या ठेंगण्या बांधणीची किंमत दात्यांना मोजावी लागली. ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतात. साध्या तेलाचा पापुद्रा तेथे फाटतो, धातू क्षणभर धातूला चिकटतो आणि दात्यांचे पृष्ठ ओरबाडले जाते.

यावर उपाय रसायनशास्त्राने दिला. तेलात गंधक, क्लोरीन किंवा शिशाचे साबण आणि पुढे गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळण्यात आली. घर्षणाने तापलेल्या जागी ती लोखंडाशी संयोग पावून सहज घसरणारा पातळ थर निर्माण करतात. म्हणजे दाते वाचविण्यासाठी धातूचे अत्यल्प, नियंत्रित क्षरणच घडवून आणले जाते.

गंधक धारण करण्यास स्पर्म देवमाशाचे तेल फार सोयीचे ठरले. रासायनिक दृष्ट्या ते द्रवरूप मेण असून गंधकयुक्त केल्यावरही खनिज तेलात नीट मिसळून राही. चाकाची वृथा घसरण रोखणाऱ्या, घर्षण-चकत्या बसविलेल्या डिफरन्शियलांतही ते वापरीत. अमेरिकेने १९७० मध्ये या प्राण्याला संकटग्रस्त ठरविल्यावर तेथील आयात थांबली व पर्याय शोधावे लागले. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतील तशाच घडणीच्या तेलाकडे लक्ष गेले ते तेव्हाच. ज्या तेलावाचून चालणार नाही असे मानले जाई, त्याच्यावाचून उद्योग चालला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

तेल निवडताना श्यानता व गुणवर्ग या दोन बाबी पाहतात. श्यानतेचा एस. ए. ई. ९० हा अंक एंजिन तेलाच्या अंकांशी ताडून पाहणे चुकीचे आहे, कारण दोहोंच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० अंकाचे तेल साधारणतः ४० किंवा ५० अंकाच्या एंजिन तेलाइतकेच घट्ट असते. पूर्वी या अंकात १०० अंश सेल्सिअसला १३·५ ते २४ सेंटिस्टोक एवढा विस्तृत पल्ला सामावे. २००५ मध्ये १८·५ च्या वरच्या भागासाठी ११० हा निराळा अंक ठरला. गुणवर्गांपैकी हायपॉइड दात्यांस सामान्यतः जी. एल. ५ लागतो. हेच तेल गिअरपेटीत मात्र सरसकट घालू नये. त्यातील क्रियाशील गंधक तेथील पितळी किंवा ब्राँझच्या कड्यांना अपायकारक ठरू शकतो. कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर यांत गिअरपेटी व डिफरन्शियल वेगवेगळी असल्याने दोन्ही तेलांचा विचार स्वतंत्रपणे करता येई. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढील चाके चालविली जात. तिच्यात दोहोंची पेटी व तेल एकच होते.

तेल बदलण्यापूर्वी गाडी थोडी चालवून ते कोमट करतात व ती सपाट जागी उभी करतात. प्रथम भरण्याचे बूच सैल होते की नाही हे पाहावे. खालचे बूच आधी उघडून तेल वाहून गेले आणि वरचे निघालेच नाही, तर गाडी जागीच अडकते. चुंबकी बुचावर आढळणारा करडा लगदा नेहमीच्या झिजेचा असतो, पण धातूचे टवके दिसल्यास पेटी उघडून तपासावी लागते. नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच भरतात. ते अधिक झाल्यास किंवा पेटीचे श्वसनछिद्र बुजल्यास तेल आसाच्या टोकाच्या सीलमधून बाहेर पडून ब्रेकच्या अस्तरांवर पोहोचते.