पैसा आला कुठून?

अमेरिकेत गुंतवणूकदार म्हणून स्थायिक व्हायचं असेल तर आठ लाख डॉलर लागतात. हा ईबी-५ व्हिसा. १९९० च्या कायद्यानं तो सुरू झाला. मार्च २०२२ मधल्या बदलानंतर ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात गुंतवले तर ८ लाख आणि इतरत्र १० लाख ५० हजार डॉलर असा हिशोब आहे. शिवाय त्या पैशातून दहा जणांना काम मिळायला हवं.

पण मंडळी, पैसे असणं ही निम्मीच गोष्ट. ते कुठून आले, हे कागदावर दाखवावं लागतं. पगार, शेती, विक्री, बक्षीस, कर्ज, काहीही चालतं, पण मुळापासून अमेरिकेतल्या खात्यापर्यंतची साखळी कुठेही तुटता कामा नये. देणगी असेल तर देणाऱ्याचा पैसाही कुठून आला ते दाखवा!

आमच्या नात्यातल्या एका घरानं हे नुकतंच केलं. (जे नातेवाईक हे वाचतायत त्यांना कोण ते कळेलच, म्हणून नावं घेत नाही.) मावसभाऊ तिकडे एच-१बी वर, ग्रीन कार्डाची रांग संपता संपत नाही. मुलीला २१ पूर्ण झाली की बापाच्या व्हिसावर राहण्याचा तिचा हक्क संपणार. म्हणून काकांनी सोलापूरजवळची रस्त्यालगतची जमीन विकली. मला इतिहासाची आवड, त्यामुळे जुन्या कागदांचं गाठोडं माझ्याकडे आलं.

ते चाळताना सारखं वाटत होतं, हा प्रश्न आपल्याला नवा कुठे आहे?

१८५२ साली कंपनी सरकारनं अकरावा कायदा करून इनाम कमिशनला अधिकार दिले. मुंबई इलाख्यात पिढ्यान् पिढ्या सारामाफीनं जमिनी खाणाऱ्यांना सांगितलं, सनद दाखवा. कुणाच्या सनदेला वाळवी लागलेली, कुणाची आगीत गेलेली, कुणाकडे नुसती वहिवाट. आणि तपासणाऱ्यांच्या हाताशी होतं पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे आपल्याच मोडी कागदांचा डोंगर. अनेकांची इनामं गेली. १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत या कमिशनचं नाव येतं ते उगाच नाही. पुढे १८६३ च्या कायद्यांनी ठराविक वार्षिक रक्कम भरून इनाम कायम करून घ्यायची वाट काढली. म्हणजे पुरावा नसेल तर पैसे भरा, वाद मिटवा. अमेरिकेच्या कचेरीत ही सोय नाही!

काकांच्या जमिनीची गोष्ट मात्र इनामाच्या उलट बाजूची. त्यांचे वडील कूळ. १९४८ चा कूळ कायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यामुळे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारा मालक मानला गेला. पण तोही आपोआप सुटला नाही. कलम ३२-ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, तेव्हा ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र काकांच्या आईनं लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं होतं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. आठ लाख डॉलरच्या फायलीतलं पहिलं पान तेच.

त्याच गावात आणखीही लोक जमीन कसत होते. ज्यांचं नाव पीकपाहणीला लागलंच नव्हतं, त्यांनी आपण कूळ आहोत हे सांगायचं कशाच्या जोरावर? घाम दोघांचा सारखाच. एकाचा कागद झाला, दुसऱ्याचा झाला नाही.

पुढची साखळी अशी: फेरफार, सातबारा, वारसनोंद, खरेदीखत, बँकेचा उतारा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रात त्याचा पुरावा तोकडा. मग साखर कारखान्याची ऊसबिलं आणि सोलापूर बाजार समितीतल्या आडत्यांच्या कांद्याच्या पट्ट्या शोधल्या. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. 'पोटखराबा' म्हणजे काय हे अमेरिकन अधिकाऱ्याला समजावणं हा एक वेगळाच आनंद!

विक्रीच्या वेळी एक गिऱ्हाईक भाव जास्त देत होतं, पण निम्मे रोख. काका नाही म्हणाले. २०१५ पासून जमीन-व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्यानंच बंद आहे, पण त्यांचं कारण साधं होतं: "जे सांगता येणार नाही ते नातीसाठी काय कामाचं?" पूर्ण रक्कम बँकेतून देणारा माणूस मिळायला आठ महिने गेले. भाव कमी मिळाला.

मग पैसे पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. (२००४ साली ही योजना आली तेव्हा मर्यादा होती २५ हजार!) दोघं मिळून पाच लाख. म्हणून काही मार्चमध्ये, उरलेले एप्रिलमध्ये. पण त्यासाठी मावशीच्या खात्यात पैसे हवेत, आणि तिच्या नावावर तर काहीच नव्हतं. पंचावन्नहून अधिक वर्षं त्या रानात राबलेली बाई, सातबारावर कुठेच नाही. काकांनी तिला बक्षीसपत्र करून दिलं. तिचेच कष्ट, आणि कागद म्हणतो बक्षीस.

तिनं आपलं सोनंही पुढे केलं होतं. ते काही घेता आलं नाही. लग्न १९६५ चं, दागिने तिच्या आजीच्या जुन्या सोन्यातून घडवलेले. ते दिवस सुवर्ण नियंत्रणाचे, चौदा कॅरेटवरचे नवे दागिने घडवायलाच बंदी. पावती कोण देणार? त्या घरातला सर्वांत निर्मळ पैसा बहुधा तोच, आणि सिद्ध करता येण्याजोगा नाही.

मला या प्रश्नावर राग नाही. चोराचा पैसा अडवायचा तर विचारावंच लागेल. पण विचारणारा कंपनी सरकार असो, मामलेदार असो की अमेरिका, उत्तर नेहमी कागदालाच द्यावं लागतं. आणि कागद कुणाच्या नावानं निघाले हे त्या त्या काळात ज्याच्या हाती सत्ता होती त्यानं ठरवलं. बायकांची, मजुरांची, नाव न लागलेल्या कुळांची कमाई त्यात कुठे दिसतच नाही.

अर्ज गेलाय, निकाल यायचाय. दरम्यान एक विनंती. तुमच्या घरी ट्रंकेत ३२-म, जुनी पट्टी, हप्त्याची पावती असं काही असेल तर त्याचे नीट फोटो काढून ठेवा. आणि घरातल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर आहेत का, तेही एकदा बघा.