निवृत्तिवेतन आणि कौटुंबिक बचत : बुलढाणा जिल्हा
सार्वजनिक निवृत्तिवेतनाची हमी असल्यास कुटुंबे वार्धक्यासाठी कमी साठवतात, म्हणजेच एक तरतूद दुसरीची जागा घेते, असे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्टिन फेल्डस्टाइन यांनी १९७४ मध्ये मांडले. मात्र निवृत्ती लवकर घेता आल्याने बचत वाढूही शकते, हेही त्यांनी नोंदवले. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात हा सिद्धांत जपूनच लावावा लागतो, कारण शेतमजुराला नोकरीचे निवृत्तिवेतन नसते आणि श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारे, २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झालेले साहाय्य बचतीची जागा घेण्याइतके मुळीच नाही. याउलट १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यसेवेत आलेल्यांना अंशदायी, म्हणजे पगारातून वर्गणी कापणारी, योजना लागू झाल्याने त्यांची बचत सक्तीची झाली. उरलेल्यांची पुंजी शेती, सोने आणि १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या पतसंस्थांतील ठेवींत असते.