मेंदूच्या मागच्या खाचेवरून झालेला वाद

मेंदू मोठा झाला म्हणून माणूस माणूस झाला, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण आधी मेंदूचा आकार वाढला, की आधी त्याची आतली मांडणी बदलली? या प्रश्नावरचा सगळ्यात चिवट वाद एका खाचेवरून झाला.

डोळ्यांकडून निघालेली माहिती मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, सर्वप्रथम जिथे पोचते ते प्राथमिक दृष्टिक्षेत्र. ते डोक्याच्या पार मागच्या बाजूला असतं. १७७६ साली पार्मा इथे फ्रान्चेस्को जेन्नारी या विद्यार्थ्याला गोठवलेल्या मेंदूचे काप करताना तिथे एक पांढरी रेघ दिसली. या रेघेमुळे हे क्षेत्र नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं.

चिंपांझीत हे क्षेत्र मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर बरंच पुढे पसरलेलं असतं, आणि त्याच्या पुढच्या सीमेवर चंद्रकोरीसारखी ठळक खाच असते: ल्युनेट सल्कस. माणसात ते क्षेत्र मागे सरकून बरंचसं आतल्या बाजूला गेलंय. म्हणजे ते लहान झालं का? नाही हो. आपला मेंदू चिंपांझीच्या तिपटीहून मोठा, पण हे क्षेत्र साधारण दीडपटच. बाकीचा मेंदू वाढला, हे मागे राहिलं.

ही खाच माणसातही सापडते, असं ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी कैरोत असताना मांडलं. पुढे लंडनमध्ये रेमंड डार्ट त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२४ मध्ये जोहान्सबर्गला डार्टकडे टाऊंगच्या चुनखडीच्या खाणीतून खोकी आली. त्यांत एका पिल्लाच्या कवटीत गाळ भरून घट्ट झालेला मेंदूचा दगडी साचा होता. दुसऱ्या कुणी तो कदाचित बाजूला ठेवला असता. डार्ट मेंदूवाले होते! १९२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की खाच मागे आहे, माणसासारखी. मेंदू मात्र जेमतेम वानराएवढा, आजच्या मोजणीनुसार सुमारे ४०० घनसेंटिमीटर. डार्टचं खरं असेल, तर मांडणी आधी बदलली आणि आकार नंतर वाढला.

१९८० मध्ये डीन फॉक यांनी सांगितलं की डार्ट ज्याला खाच म्हणतात, ती कवटीच्या हाडांच्या सांध्याची खूण आहे; खरी खाच पुढे, वानरासारखीच. राल्फ हॉलोवे यांना हे मुळीच पटलं नाही. मग कित्येक वर्षं दोघांचे लेख आणि प्रतिलेख! साचा एकच, आणि त्यावर नेमकी हीच जागा पुसट. मेंदू कवटीला आतून जो ठसा देतो तो मधल्या आवरणांतून, त्यामुळे मागच्या भागातल्या खुणा फार क्वचित नीट उमटतात. माझ्या मते टाऊंगच्या एकट्या साच्यावर हा निकाल लागणं शक्यच नव्हतं.

हॉलोवे मग जिवंत नातेवाइकांकडे वळले. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही चिंपांझींतही ही खाच नेहमीपेक्षा बरीच मागे असते. म्हणजे मेंदू न वाढताही ती सरकू शकते. २००४ मध्ये स्टर्कफाँटेनच्या एका मोठ्या नमुन्यावर ती मागे असल्याचा दावाही त्यांनी केला.

आणि २००६ मध्ये जॉन ॲलन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या मेंदूंची एमआरआय चित्रं तपासून म्हटलं, की वानरांच्या खाचेशी खरोखर जुळणारी खाच माणसात नाहीच! आता इलियट स्मिथना कैरोत जे दिसलं होतं, त्याचीही फेरतपासणी आली.