हुंड्याऐवजी कुंचला

१५७७ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात एक लग्न ठरले. मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, म्हणजे त्या काळाच्या मानाने वय वाढलेली. वडील प्रॉस्पेरो फोंताना हे नावाजलेले चित्रकार, पण आता म्हातारे झालेले, संधिवाताने हैराण आणि पैशाच्या ओढीत. थोरली बहीण वारलेली. मुलगा इमोला गावच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा, जान पाओलो झाप्पी. तोही चित्रकलाच शिकत होता, हात मात्र बेताचा.

तिकडेही आपल्याकडच्यासारखाच मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा रिवाज होता. हुंडा नसेल तर मुलगी मठात जायची. प्रॉस्पेरोने रिवाजाप्रमाणे हुंडा दिलाच नाही. करारात ठरले ते असे, की जावयाने सासऱ्याच्या घरी येऊन राहायचे आणि मुलीने चित्रे काढून जे मिळवायचे ते घरखर्चाला लावायचे. सरळ सांगायचे तर घरजावई, आणि कमावती बायको.

मुलाकडचे लोक याला कसे तयार झाले असतील? ओराझिओ साम्माकिनी नावाचा एक चित्रकार या लग्नात मध्यस्थ होता. त्याने मुलाच्या वडिलांना, सेव्हेरो झाप्पींना, पत्र लिहून कळवले होते की ही मुलगी काही वर्षे जगली-वाचली तर तिच्या चित्रकलेतून मोठा फायदा होईल. 'जगली-वाचली तर' हे शब्द वाचून मला चर्र झाले. पण व्यापारी माणसाला ते बरोबर समजले असणार. हुंडा एकदा हातात येतो आणि संपतो. हे भांडवल दरसाल उत्पन्न देणार होते.

त्या मुलीचे नाव लाविनिया फोंताना. जन्म १५५२. ऑर्डर घेऊन, ठरवलेला मोबदला घेऊन, घराण्यांच्या तसबिरी करून आयुष्यभर संसार चालवणाऱ्या युरोपातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिच्याआधी सोफोनिस्बा आंग्विसोला होऊन गेली, पण ती स्पेनच्या राणीच्या पदरी होती. लाविनिया बाजारात उभी होती.

लग्नाआधी मुलाकडच्यांना मुलगी दाखवायची म्हणून तिने स्वतःचेच चित्र काढून पाठवले. आमच्या वेळी स्टुडिओत जाऊन, हात टेबलावर ठेवून 'दाखवायचा फोटो' काढून घेत, तसलाच प्रकार. आज ते चित्र रोमच्या चित्रकार अकादमीत आहे. लाविनिया लाल पोशाखात एका वाद्याशी बसली आहे, मागून मोलकरीण सुरांची वही घेऊन येते आहे. चित्रावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की प्रॉस्पेरो फोंतानाची कन्या, कुमारिका लाविनिया हिने आरशात पाहून आपला चेहरा रंगवला. संगीत येते, अक्षरओळख आहे, घरात मोलकरीण आहे, शील चांगले आहे. स्थळ पाहणाऱ्याला जे हवे ते सगळे आले. पण खोलीच्या पार मागच्या बाजूला, खिडकीच्या उजेडात, एक रिकामी घोडी उभी केलेली दिसते, चित्र रंगवताना फळी ठेवतात ती. 'पोटापाण्याचे साधन ते तिथे आहे', असे तिने न बोलता सांगून टाकले.

चित्रकाराच्या घरात जन्मल्यामुळे तिला शिक्षण मिळाले. बाहेरच्या मुलीला ते मिळाले नसते. तरी काही दारे बंदच होती. पुरुष चित्रकार उघड्या देहाचा अभ्यास करून शरीराची ठेवण शिकत; बाईला ती मोकळीक नव्हती. म्हणून ती पुतळ्यांच्या साच्यांवरून शिकली. १५७९ साली तिने तांब्याच्या गोल पत्र्यावर स्वतःचे आणखी एक छोटे चित्र केले. त्यात ती हातात लेखणी घेऊन टेबलाशी बसली आहे आणि भोवती असे छोटे पुतळे मांडलेले आहेत. रोममध्ये राहणारा एक स्पॅनिश विद्वान धर्मगुरू नामवंतांची चित्रे जमवत होता, त्याने ते मागवले होते. लग्नाला दोन वर्षे झाली नव्हती तोच बाहेरगावाहून मागणी आली ती अशी.

बोलोन्यात काम भरपूर होते. शहर पोपच्या राज्यात, विद्यापीठाचे आणि रेशमाचे. सत्ता चाळीस उमराव घराण्यांच्या सेनेटकडे. त्या वेळचा पोप तेरावा ग्रेगरी हा बोलोन्याचाच, त्यामुळे तिथल्या बड्या घरांना आणखी चढती कळा आलेली. अशा घरांत लग्न झाले, बाळ झाले, नवरा गेला, मुलगा मोठ्या पदावर गेला की तसबीर व्हायची. आणि बायकांच्या तसबिरींसाठी लाविनियाकडे रीघ लागली. कारण समजायला सोपे आहे. परक्या पुरुषासमोर तासन् तास बसणे उमराव घरच्या लेकी-सुनांना अवघड. इथे समोरही एक बाईच, तीही लेकुरवाळी. १६७८ साली बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रे छापणाऱ्या माल्वासियाने लिहून ठेवले आहे की शहरातल्या मोठ्या घरच्या स्त्रियांत तिला आपल्याजवळ ठेवून घेण्याची चढाओढ असे.

कामाची रीत अशी. आधी लहानशा कागदावर लाल-काळ्या खडूने नुसता चेहरा उतरवून घ्यायचा. असे तिचे म्हणून ओळखले जाणारे हातभर नव्हे, बोटभर कागदांचे चेहरे आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. मग तो चेहरा कॅनव्हासवर जायचा. खरा वेळ जायचा पोशाखात आणि दागिन्यांत. बोलोन्याची नवरी लाल रंग नेसायची (हे वाचून मला आपल्या शालूंची आठवण झाली), त्यावर जरीचे काम, गळ्यात मोत्यांचे सर, कमरेला सोन्याची साखळी, मांडीवर चिमुकले कुत्रे. काही चित्रांत साखळीला मुंगसासारख्या एका प्राण्याचे अख्खे कातडे लटकते आणि त्याच्या मुंडक्यावर रत्ने जडवलेली असतात. नवरीला लवकर मूल व्हावे म्हणून तो शकुन मानत. तेवढ्या भागावरून मी नजर फिरवते. पण तिने तोही लव न् लव दिसेल असा रंगवला आहे.

दागिना इतका नेमका का रंगवायचा? हौस म्हणून, हे तर झालेच. पण हुंड्यात आलेली वस्तू ही बाईची स्वतःची ठेव होती. कोणता हार कोणाचा, हे भिंतीवर सर्वांदेखत लिहिल्यासारखे राही. आपण लग्नात मांडलेल्या रुखवताचे आणि अंगावरच्या दागिन्यांचे फोटो काढून ठेवतो, त्यात सगळीच हौस असते असे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का?

हे सगळ्यांत उघडपणे दिसते ते १५८४ सालच्या गोझ्झादिनी कुटुंबाच्या तसबिरीत. आज ती बोलोन्याच्या सरकारी चित्रसंग्रहात आहे, उंचीला आठ फुटांच्या वर. पाच माणसे. मध्यभागी टेबलाशी सेनेटर उलिस्से गोझ्झादिनी, दोन्ही बाजूंना त्यांच्या दोन मुली, लाउदोमिया आणि जिनेव्हरा, नटूनथटून बसलेल्या. मागे दोघींचे नवरे उभे. तेही गोझ्झादिनी कुळातलेच. टेबलावर एक छोटे कुत्रे. वाटावे, रविवारी सगळे जेवायला जमले आहेत.

पण ही तसबीर काढली गेली तेव्हा वडील जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. जिनेव्हराही हयात नव्हती. तसबिरीची ऑर्डर दिली होती उरलेल्या बहिणीने, लाउदोमियाने. आणि या घरात वडिलांच्या वारशावरून तंटा होता.

आता चित्र पुन्हा पाहा. गेलेल्या माणसाचे चित्र करणे त्या काळी नवे नव्हते. जुने एखादे चित्र समोर ठेवून चेहरा उतरवता येई. आपल्याकडेही ग्रुप फोटोतला कोपऱ्यातला एवढासा चेहरा मोठा करून, पेंटरकडून डोक्याला पगडी आणि गळ्याला उपरणे रंगवून घेऊन आजोबांचा फोटो दिवाणखान्यात लावलेला तुम्ही पाहिला असेल. पण लाउदोमियाने गेलेल्यांना आठवणीपुरते मागवले नाही. वडिलांना जिवंत करून आपल्या शेजारी बसवले. मी उलिस्सेची लेक, ही माझी जागा, हे माझ्या अंगावरचे दागिने, हे या घराशी माझे नाते. कोर्टकचेरीत जे कागदावर मांडावे लागते ते तिने कॅनव्हासवर मांडून घेतले. ज्या बहिणीच्या घराशी वाद, तिलाही गाळले नाही. गाळली असती तर चित्राचे वजनच गेले असते.

हे काम लाविनियाकडे आले यात मला नवल वाटत नाही. घरातली भांडणे पोटात ठेवणारा माणूस लागतो, आणि 'ही माझी बाजू' म्हणणाऱ्या बाईचे म्हणणे बारकाईने ऐकून घेणाराही लागतो. पाच चेहरे, त्यांतले दोन या जगात नसलेले, आणि पाचही एका उजेडात बसवायचे. मोठ्या चित्रकाराचीही परीक्षा पाहणारे हे काम आहे.

तिच्या स्वतःच्या घरात काय चालले होते? तिला एकूण ११ मुले झाली. जान पाओलोने त्यांच्या जन्माच्या नोंदी लिहून ठेवल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धरायला उमराव घरांतली माणसे येत. म्हणजे ज्यांच्या तसबिरी केल्या त्यांच्याशी घरोबाही जोडला जाई, आणि घरोब्यातून पुन्हा काम. या ११ मुलांतली तीनच तिच्यामागे उरली. बाकीची तिच्या डोळ्यांदेखत गेली.

तिने रंगवलेले एक तान्हे बाळ बोलोन्याच्या त्याच संग्रहात आहे, १५८३च्या सुमाराचे. नक्षीदार पाळणा, लेसचे पांघरूण, आणि एवढ्याशा गळ्यात मोत्यांची माळ. कोणा श्रीमंताच्या घरचा सोहळा आहे. ज्या हातांनी ते पांघरूण रंगवले त्या हातांनी त्या वर्षांत आपली बाळेही पुरली होती. चित्रात त्याचा मागमूस नाही. काम म्हणजे काम. उधारी, कॅनव्हास, रंग, घोडीवरचे अर्धे चित्र आणि आत रडणारे मूल, हे सगळे एका छपराखाली होते.

नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. त्याने आपली चित्रकला बाजूला ठेवली आणि बायकोच्या कामाचा व्यवहार सांभाळला. बाईने बाहेरच्यांशी करारमदार करणे तेव्हा बसत नव्हते, ते त्याने केले. चित्रांतले कपडे तो रंगवायचा, असेही जुन्या चरित्रांत आहे. मला विचाराल तर इतकी नाजूक लेस बेताच्या हाताची वाटत नाही. लोक त्याला हसले असतील. पण बायकोच्या नावावर चालणाऱ्या धंद्यात चाळीस-एक वर्षे नाही तरी तीन तपे त्याने मुनीमजीचे काम निभावले, हे साधे नव्हे. लग्नानंतर तिने चित्रांवर सही केली ती 'लाविनिया फोंताना दे झाप्पीस' अशी. माहेरचे नाव आधी, कारण गिऱ्हाईक ते ओळखत होते, सासरचे मागून.

वडील १५९७ साली वारले. पुढे १६०४च्या सुमारास सगळे बिऱ्हाड रोमला हलले. तिथे मोठ्या देवळासाठी संत स्टीफनच्या हौतात्म्याचे भव्य चित्र करायची संधी मिळाली. शहराबाहेरच्या संत पॉलच्या देवळात ते लागले आणि लोकांना आवडले नाही. बाग्लिओने या तिच्या काळातल्या चरित्रकाराने हे लिहून ठेवले आहे, आणि पुढे म्हटले आहे की मग ती पुन्हा तसबिरींकडे वळली. ते चित्र १८२३ साली देवळाला लागलेल्या आगीत जळाले, त्यामुळे टीका रास्त होती की नाही हे आता कोणालाच पाहता येणार नाही.

रोममधल्या तसबिरींत बियांका मासेल्ली या उमराव बाईची एक आहे. बियांकाभोवती तिची सहा मुले दाटीवाटीने उभी, आईच्या आणि मुलांच्या कपड्यांना एकच जरीची वेलबुट्टी. लहान मुलांना एका जागी उभे करणे काय असते हे तुम्हाला सांगायला नको. एकाच्या हातात पक्षी, एकाच्या हातात दुसरेच काही, आई मात्र सरळ समोर पाहते आहे. तिला १९ मुले झाली आणि १६०५ साली, सदतिसाव्या वर्षी ती गेली. घरच्यांकडे हीच तसबीर राहिली.

१६११ साली फेलिचे आंतोनिओ कासोनी याने लाविनियाच्या नावाचे पदक पाडले. ती तेव्हा साठीला आलेली. पदकाच्या एका बाजूला तिचा शांत, नीटनेटका, केस बांधलेला चेहरा आहे, जसा ती आयुष्यभर गिऱ्हाइकांना दाखवत आली. दुसऱ्या बाजूला एक बाई घोडीपुढे बसून रंगवते आहे, आणि तिचे केस मोकळे सुटून चारी दिशांना उडत आहेत. तीन वर्षांनी, ऑगस्ट १६१४ मध्ये, रोममध्येच ती वारली.