बंद पडलेल्या यंत्राचा पंचनामा

गावात काही विपरीत घडले की पंच जमतात. वस्तू हलू न देता जागेवरची स्थिती लिहून घेतात. संगणक कोसळतो तेव्हाही असाच एक पंचनामा होतो. त्याला ‘क्रॅश डंप’ म्हणतात. कर्नेल (पलटणीतला कर्नल नव्हे हं!) म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम. तोच पडला, म्हणजे त्या क्षणी स्मृतीत जे जे होते त्याची ही नक्कल.

ही चाल जुनी आहे. 1953 साली अमेरिकेत एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात जे फॉरेस्टर यांच्या खटपटीने चुंबकीय कड्यांची स्मृती बसली. तारांत मण्यांसारखी ओवलेली बारीक कडी. एका कड्यात एकच नोंद, शून्य किंवा एक. या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. पुढे यंत्र अडले की कोअरमधले आकडे कागदावर छापून घेत, आणि माणसे त्या भेंडोळ्यांपुढे पेन्सिल घेऊन बसत. कडी गेली, चिपा आल्या. ‘कोअर डंप’ हे नाव मात्र काही गेलं नाही.

1969 साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सला हात घातला. तिच्या कर्नेलमध्ये ‘पॅनिक’ नावाचा भाग होता. सावरता न येणारी चूक दिसली की यंत्र थांबवायचे. मला हे शहाणपणाचे वाटते. बिघडलेलं यंत्र तसंच रेटलं तर डिस्कवरच्या चांगल्या नोंदीही नासतात.

पण पडलेल्यानेच आपला पंचनामा लिहायचा कसा? डिस्कवर लिहिणारा भागच बिघडला असेल तर? लिनक्समध्ये यावर 2005 साली तोड निघाली, ‘केडंप’. स्मृतीचा एक कोपरा आधीच राखून त्यात दुसरा कर्नेल तयार ठेवतात. पहिला पडला की दुसरा उठतो आणि पहिल्याची स्मृती जशीच्या तशी उतरवून घेतो.

वाचणारा आधी कर्नेल कोणत्या आज्ञेवर पडला ते पाहतो; मग कोणत्या भागाने कोणाला बोलावले, ती साखळी मागे मागे नेतो. पडला तिथेच दोष असतो असे नव्हे; स्मृती दुसऱ्याच कुणी नासवलेली असते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने धाडलेल्या एका सुधारणेनंतर सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले, विमाने खोळंबली. डंपांत दिसले की त्या कंपनीचा प्रोग्राम हद्दीबाहेरची स्मृती वाचत होता. पुढे मूळ सापडले: त्याला मूल्ये पुरवली होती 20, आणि तो वाचायला गेला एकविसावे.