तळटीप : ‘डॉक्टरने बाजार बंद पाडला’

प्रसंग सप्टेंबर २०२२चा. लम्पी त्वचारोगामुळे राज्य शासनाने संपूर्ण महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला आणि गुरांचे बाजार थांबले. हा अधिकार शासनाचा. गावच्या डॉक्टरवर निवेदकाने काढलेला राग अनाठायी आहे. आधार २००९च्या केंद्रीय कायद्याचा, जो जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठीच केलेला आहे. त्याच्या अनुसूचीतल्या रोगाची नुसती शंका आली तरी खबर देणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे मालकावर बंधनकारक असते. (निवेदकाने दोन्ही केलेले दिसत नाही.) पशुवैद्यकाच्या हातीही थोडे नाही: तो आपल्या हद्दीतला परिसर संसर्गित घोषित करू शकतो, गरज पडल्यास दयामरणाचा लेखी आदेश देतो. शवविच्छेदनाचा निर्णयही त्याचाच. फाशी रोगाचा संशय असेल तर मात्र मेलेले जनावर फाडत नाहीत. हवा लागताच त्यातल्या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. पुढच्या परिच्छेदातली ‘शेळ्यांची लस’ म्हणजे शेळ्यांच्या देवीवरची लस. लम्पीचा विषाणू त्याच कुळातला, म्हणून ती गाईबैलांना टोचली गेली. — संपा.